गटारसाहेबांचा टाको

साहेबांनी मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजायला टाकले, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्यांना अडवायला हवं होतं. पण अडवणारं माणूस घरात नव्हतं. साहेबांची बायको बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे राहायला गेली होती, आणि जाताना "मी येईपर्यंत कुकर सोडून कशालाही हात लावू नका" असं बजावून गेली होती. साहेबांनी ते अक्षरशः पाळलं. कुकर सोडून बाकी सगळ्याला हात लावला.

आधी साहेबांची ओळख करून द्यायला हवी. उभी हयात त्यांनी शहराच्या मलनिस्सारण खात्यात काढली आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. सोसायटीत सगळे त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'गटारसाहेब'. साहेबांना दोन्ही ठाऊक होतं. त्यांचा आक्षेप फक्त तांत्रिक होता. गटार वेगळं आणि मलनिस्सारण वेगळं, हा फरक ते कुणालाही उभ्याउभ्या पाऊण तास समजावून सांगत, आणि ऐकणाऱ्याला तो पुढे जेवताना नेमका आठवत असे.

त्यांच्या बायकोचा आक्षेप मात्र तांत्रिक नव्हता. सोसायटीचं वर्षातून एकदा स्नेहभोजन असे. प्रत्येक घराने एक पदार्थ करून आणायचा. या घरात राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी ती मोठ्या हौसेने पातेलंभर खीर घेऊन गेली होती. लोक रांगेत यायचे, पातेल्याकडे बघायचे, "कुणाकडची?" असं हळूच विचारायचे, आणि उत्तर ऐकून पुढच्या पातेल्याकडे सरकायचे. खीर जशी गेली तशी परत आली. पुढच्या वर्षी सेक्रेटरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही कशाला त्रास घेता वहिनी? तुम्ही आपल्या कागदी बश्या आणत जा." तेव्हापासून ते घर बश्यांचं घर झालं. वहिनी दर वर्षी बश्या नेत, हसून वाटत, आणि घरी येऊन काही न बोलता झोपत. साहेबांना हे फार लागायचं. खात्यात माणसाची कातडी जाड होते म्हणतात, पण ती स्वतःपुरती. बायकोच्या वाटची कातडी कुणाचीच जाड होत नाही.

म्हणून यंदाच्या सभेत सेक्रेटरींनी पदार्थ वाटायला सुरुवात केली, तेव्हा साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडून टाको. मेक्सिकन. पण तैवानी पद्धतीचा."

सभेत कुणाला मेक्सिको कळलं, कुणाला तैवान कळलं, दोन्ही एका वेळी कुणालाच कळलं नाही.

"टाकाऊ म्हणजे?" सेक्रेटरींच्या सासूबाईंनी विचारलं. त्यांना जरा कमी ऐकू येत असे.

"टाको, आजी. मक्याची भाकरी दुमडून आत सारण भरतात."

"बरं बरं," सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले. "बाकी सगळं नेहमीप्रमाणे." आणि सभा संपली. या 'नेहमीप्रमाणे'कडे त्या वेळी कुणाचंच लक्ष गेलं नाही.

टाकोचं हे खूळ आलं कुठून, तर लेकीकडून. लेक परदेशी नोकरीला होती आणि तिच्याबरोबर घरात दोन मैत्रिणी राहत, एक मेक्सिकोची, एक तैवानची. तिघींच्या एकाच शेगडीवर हा पदार्थ जन्माला आला होता. साहेब आणि वहिनी तिच्याकडे गेले तेव्हा त्यांनी तो खाल्ला. कुरकुरीत तळलेला टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, वर आंबवलेला कोबी, टोमॅटो-मिरचीची चटणी, दाण्याचं कूट, कोथिंबीर, आणि हे सगळं मक्याच्या मऊ पोळीत. वहिनींनी मोजणं सोडून दिलं इतके खाल्ले. बायकोला इतकं मनापासून खाताना साहेबांनी फार वर्षांनी पाहिलं होतं.

"बाबा, तो टोफू साधा नसतो," लेक फोनवर म्हणाली. "तैवानमध्ये तो आंबवलेल्या पाण्यात मुरवतात. त्याला वास येतो. तुम्ही आपला साधा आणा ना विकतचा."

"साधा आणून काय करू? उत्तर अर्धवट लिहिलं तर मार्क अर्धेच मिळतात."

"बाबा, भयंकर वास येतो हो."

"अगं, वासाचं मला सांगतेस?" साहेब म्हणाले. या वाक्यात जो अभिमान होता, त्यानेच पुढे घात केला.

पहिली अडचण चुन्याची. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग वाटतात. साहेब बांधकाम साहित्याच्या दुकानात गेले.

"चुना आहे का?"

"आहे ना काका. किती खोल्या?"

"खोल्या नाहीत. खायचाय."

दुकानदाराने हातातलं काम बाजूला ठेवलं. "काका, घरी कुणी आहे का सोबत?"

"बायको बहिणीकडे गेलीय."

"बसा जरा. पाणी घ्या," दुकानदार फार मायेने म्हणाला. तिथून सुटका करून घ्यायला साहेबांना बराच वेळ लागला. शेवटी खाण्याचा चुना एका किराणावाल्याकडे मिळाला आणि त्याने काही विचारलंही नाही, याचंच साहेबांना थोडं वाईट वाटलं.

मका शिजला, वाटला गेला. पोळ्या दाबायला यंत्र नव्हतं. साहेबांनी खात्याच्या नियमावलीचे दोन जाडजूड खंड काढले, प्लास्टिकच्या कागदात गोळा ठेवला, वर खंड ठेवला आणि स्वतः त्यावर बसले. पोळी अशी गोल आणि पातळ निघाली की बघत राहावं. त्या नियमावलीचा आजवर कुणाला इतका थेट उपयोग झाला नव्हता.

राहिला टोफू. साहेबांनी एका मोठ्या चिनी मातीच्या बरणीत कोबी, मोहरीची पानं, बांबूचे कोंब आणि सुकट घालून खारं पाणी भरलं आणि ती बरणी फडकं बांधून मागच्या छोट्या गॅलरीत ठेवली. ही गॅलरी इमारतीच्या मधल्या डक्टकडे उघडत असे. सगळ्या घरांच्या बाथरूमच्या खिडक्याही त्याच डक्टकडे उघडत.

"वास सुटला की पाणी तयार झालं असं समजा," लेकीने सांगितलं होतं. साहेब रोज सकाळी फडकं सोडायचे, वाकून हुंगायचे, आणि निराश होऊन पुन्हा बांधायचे. काही वास नाही! ते अजून सुकट घालायचे. अजून कोबी घालायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगायचे. काही नाही!

आता यातली गोम अशी. साहेबांच्या नाकात बिघाड नव्हता. त्यांना कोथिंबीर कळे, साबण कळे, शेजारच्या घरी दूध उतू गेलं तर बायकोच्या आधी कळे. पण एका विशिष्ट जातीच्या वासाला त्यांचं नाक नोकरीतच बहिरं झालं होतं. मॅनहोलच्या काठावर बसून डबा खाणाऱ्या माणसाचं नाक तेवढी एक खिडकी कायमची लावून घेतं, नाहीतर माणूस उपाशी मरेल. आणि साहेबांच्या बरणीत जे शिजत होतं, ते नेमकं त्याच जातीचं होतं.

पहिली तक्रार तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची आली. "साहेब, बाथरूममध्ये उभं राहवत नाही हो. ड्रेनेज फुटलंय कुठेतरी."

मग वरून तक्रार आली. मग समोरून. सेक्रेटरीणबाईंनी तर नाकाला ओढणी बांधूनच जिन्यात उतरायला सुरुवात केली. तातडीची सभा भरली. वास हा विषय 'दुरुस्ती'खाली येतो की 'उपद्रवा'खाली, यावर बराच खल झाला, कारण दुरुस्तीला सोसायटी जबाबदार आणि उपद्रवाला सभासद. शेवटी सर्वानुमते 'वास शोध उपसमिती' नेमली गेली आणि तिच्या अध्यक्षपदी, अर्थातच, साहेबांची निवड झाली.

"या कामाला तुमच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही," सेक्रेटरी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीने साहेबांच्या विद्येला मान दिला होता. साहेबांना गहिवरून आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण कळसा काखेत असल्याचं काखेलाच कळत नव्हतं, त्याला साहेब काय करणार?

त्यांनी काम मात्र चोख केलं. सगळे चेंबर उघडून पाहिले. मग धुराची चाचणी घेतली. म्हणजे मुख्य नळात धूर सोडायचा आणि तो जिथून बाहेर येईल तिथे गळती आहे असं समजायचं. सारी सोसायटी आपापल्या बाथरूमच्या दारात श्वास रोखून उभी राहिली. धूर निघाला तो सेक्रेटरींच्या नव्याकोऱ्या बाथरूमच्या फरशीतून.

"अशक्य!" सेक्रेटरी ओरडले. "इटालियन फरशी आहे!"

"धुराला इटालियन कळत नाही," साहेब शांतपणे म्हणाले.

फरशी फोडायला सेक्रेटरींची परवानगी लागत होती. नियम म्हणजे नियम. सेक्रेटरींनी सभासद म्हणून सेक्रेटरींकडे अर्ज केला, सेक्रेटरींनी तो अपूर्ण असल्याचा शेरा मारून परत पाठवला, मग बायको ओरडल्यावर मंजूर केला. फरशी फुटली. आणि खाली खरोखरच एक सांधा निखळलेला सापडला! पाणी थेट डॉक्टरांच्या छतात मुरत होतं. साहेबांच्या विद्येचा असा विजय झाला की डॉक्टरांनी त्यांना फुकट दात साफ करून देण्याचं कबूल केलं. सांधा बदलला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वास जसाच्या तसा राहिला.

साहेब चक्रावले. "अजून येतोय?" ते ज्याला त्याला विचारत. "आता मला सांगा, कसा येतोय? आंबट की कुजका?" लोक रडकुंडीला येऊन वर्णन करत आणि साहेब ते मान हलवत ऐकून घेत. घरी येऊन पुन्हा बरणी उघडत, हुंगत, आणि खिन्न होत. स्नेहभोजन उद्यावर आलं, तरी बरणीला वास म्हणून नाही! बाहेर शोधावा तर मिळत नाही, घरात हवा तर येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी परतल्या. जिन्यातच त्यांनी पदर नाकाला लावला.

"काय मेलंय या इमारतीत?"

"शोध चालू आहे," साहेब बॅग उचलत म्हणाले. "मीच अध्यक्ष आहे."

वहिनींनी चपला काढल्या नाहीत की पाणी प्यायल्या नाहीत. त्या तडक स्वयंपाकघरातून मागच्या गॅलरीत गेल्या आणि बरणीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी फडक्याचं एक टोक उचललं आणि लगेच सोडलं.

"अहो," त्या डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाल्या, "हे काय पाळलंय तुम्ही?"

"त्याला काही वास नाही," साहेब म्हणाले. "मी रोज बघतो."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग बरणीकडे. मग डक्टमधल्या खिडक्यांकडे. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू जो काही प्रकाश पडला, तो पाहून त्या गॅलरीच्या उंबऱ्यावरच बसल्या आणि हसत सुटल्या. "इटालियन फरशी" एवढेच शब्द साहेब पुटपुटले.

"फेकून देतो," ते शेवटी म्हणाले. "बश्या घेऊन येतो बाजारातून."

"पण हे केलंत कशाला?"

साहेबांना खरं बोलणं भाग होतं. "ती खीर," ते म्हणाले. "तू ते पातेलं परत आणलंस ना, ते माझ्यामुळे. माझ्या नोकरीमुळे. वाटलं, एकदा तरी लोकांनी तुझ्या हातचं, आपल्या घरचं..."

वहिनी उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "फेकायचं काही नाही. लेकीकडे तरी काय अत्तराचा वास येत होता? टोफू आणा. दिवसभर मुरला की झाला. आणि तुम्ही आधी जाऊन सेक्रेटरींना सांगून या."

तो जिना उतरणं साहेबांना फार जड गेलं. पण खात्याचा माणूस होता, अहवाल दाबून ठेवणं रक्तात नव्हतं. त्यांनी उपसमितीचा अध्यक्ष म्हणून आरोपी सापडल्याचं जाहीर केलं आणि आरोपी म्हणून मान खाली घातली. सेक्रेटरींच्या कपाळाची शीर उडू लागली. पण ओरडावं तर सांधा खराच निखळलेला, तो या माणसानेच शोधलेला. शेवटी ते दात खाऊन म्हणाले, "तो पदार्थ बसमध्ये चढता कामा नये. आणि तिथेही तुमचं टेबल वाऱ्याच्या दिशेने नको!"

स्नेहभोजन यंदा शहराबाहेरच्या एका बागेत होतं. सगळ्यांना सोडून बस परत जाणार आणि रात्री न्यायला येणार होती. साहेब, वहिनी, शेगडी आणि बरणी खात्यातून मागून आणलेल्या जीपमधून गेले. चालवायला साहेबांचा जुना ड्रायव्हर होता.

"वासाचा त्रास होत नाही ना रे?" वहिनींनी विचारलं.

"कसला वास, बाईसाहेब?" ड्रायव्हर म्हणाला. साहेबांना त्याला मिठी मारावीशी वाटली.

त्यांचं टेबल बागेच्या पार टोकाला, पंपघराच्या भिंतीशी लावलं होतं. दुसऱ्या टोकाला मोठ्या टेबलांवर सूप होतं, पास्ता होता, रस्सा होता, तऱ्हेतऱ्हेचे भात होते आणि मधोमध सेक्रेटरीणबाईंचं थरथरणारं कस्टर्ड होतं. सेक्रेटरींनी दोन शब्द म्हणून पुष्कळ शब्द बोलून घेतले आणि म्हणाले, "चला, सुरुवात करू या. बश्या घ्या."

लोकांनी बश्या शोधल्या. टेबलावर नव्हत्या. टेबलाखाली नव्हत्या. हळूहळू एकेक मान बागेच्या टोकाकडे वळली.

"साहेब, बश्या?" सेक्रेटरी लांबून ओरडले.

"यंदा आमच्याकडे पदार्थ होता," वहिनी तिथूनच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसती माहिती होती. "बश्या कुणाकडे दिल्या होत्या?"

बश्या कुणाकडेच दिल्या नव्हत्या. बश्या नेहमीप्रमाणे येणार होत्या. सूर्य पूर्वेला उगवतो तशा येणार होत्या, त्याला कोण कशाला सांगणार? बस गेली होती. आसपास दुकान नव्हतं. वाट्या नाहीत, चमचे नाहीत. डॉक्टरांनी ओंजळीत सूप घेता येईल का याचा अंदाज घेतला आणि विचार सोडला. कस्टर्ड आपलं थरथरत राहिलं.

तेवढ्यात पंपघराकडून चर्र असा आवाज आला. वहिनींनी टोफू तेलात सोडला होता. वास आला, पण त्यात आता खमंगपणाही मिसळला होता, आणि भुकेल्या माणसाला खमंग तेवढा आधी कळतो. सेक्रेटरींच्या सासूबाई उठल्या.

"सासूबाई, तिकडे कुठे?" सेक्रेटरी म्हणाले.

"मला भूक लागलीय. तुमच्या भाषणाने पोट भरत नाही."

आजी काठी टेकत गेल्या. वहिनींनी गरम पोळीवर टोफूचे तुकडे ठेवले, वर कोबी, चटणी, कूट, कोथिंबीर घातली, लिंबू पिळलं आणि दुमडून हातात दिलं. आजींनी घास घेतला. सारी सोसायटी बघत होती. आजींनी दुसरा घास घेतला, मग तिसरा, मग बोटं चाटली आणि मागे वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उभे काय राहिलात शुंभासारखे? हे बशीशिवाय खाता येतं!"

मग रांग लागली. सगळे एका हाताने नाक दाबून आले. पण टाको ही वस्तू एका हाताने खाताच येत नाही. एका हाताने धरला की मागून कोबी सांडतो, चटणी मनगटावरून कोपरापर्यंत जाते. डॉक्टरांनी दोन वेळा प्रयत्न केला, शर्ट रंगवला, आणि अखेर नाक सोडलं. त्यांच्यामागे सगळ्यांनी नाकं सोडली. एकदा सोडलेलं नाक पुन्हा कुणी धरलं नाही. सेक्रेटरी तर तिसऱ्या खेपेला आले तेव्हा, "जरा मुरलेला तुकडा बघून द्या," म्हणाले.

साहेब नियमावलीच्या खंडावर बसून पोळ्या दाबत होते, ड्रायव्हर भाजत होता, वहिनी भरत होत्या. कुणी विचारत होतं, "वहिनी, चटणीत काय घातलंय?" कुणी म्हणत होतं, "वहिनी, मला शिकवाल का?" वहिनींच्या कपाळावर घाम होता, केस सुटले होते, आणि साहेबांना त्या लग्नातल्यापेक्षा देखण्या वाटल्या. शेवटी सेक्रेटरीणबाई आल्या. त्यांच्या हातात कस्टर्डचं भांडं होतं.

"वहिनी," त्या खाली बघत म्हणाल्या, "एखादी नुसती पोळी मिळेल का? याला कुणी हातही लावला नाही हो."

भरलेलं भांडं घेऊन उभं राहणं काय असतं ते वहिनींना कुणी सांगायला नको होतं. टोमणा जिभेच्या टोकावर आला असेलही. पण त्यांनी दोन पोळ्या तेलात टाकून कडक तळल्या, त्यात कस्टर्ड भरलं, एक सेक्रेटरीणबाईंच्या हातात दिली आणि दुसरी स्वतः सगळ्यांसमोर खाल्ली. "छान झालंय," त्या म्हणाल्या. मग कस्टर्डही संपलं.

बस यायची वेळ झाली तेव्हा बरणीत नुसतं पाणी उरलं होतं. साहेबांनी वहिनींना हळूच जीपच्या मागे बोलावलं. एका पोळीत त्यांनी बायकोपुरता एक टाको भरून झाकून ठेवला होता.

"त्या कस्टर्डशिवाय तू काहीच खाल्लं नाहीस," ते म्हणाले.

वहिनींनी तो दोन्ही हातांनी धरला आणि मोठा घास घेतला. डोळे मिटले. साहेब त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पलीकडून सेक्रेटरीणबाईंची हाक आली, "वहिनी, एखादा तरी उरलाय का हो?"

असल्या जेवणावळीत यजमानणीला जो एक शब्द म्हणायची हौस असते, तो म्हणायची संधी वहिनींना इतक्या वर्षांत मिळालीच नव्हती. उरलेला अर्धा टाको त्यांनी साहेबांच्या तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडाने, सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"संपलं!"